जत्रेतला धोका : पटकीपासून चेंगराचेंगरीपर्यंत, आणि सगळी खाती एका टेबलावर कशी आली

आषाढी जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, औंदा पायी जातो म्हन्तो, जमते का?" विचारणारे साठीच्या पुढचे असतात, बीपीची गोळी चालू असते, कुणाला शुगर असते. मी पाय तपासतो, चप्पल कोणती घालणार ते विचारतो, गोळ्या महिनाभराच्या लिहून देतो. आपल्याकडे शेगावची पालखी जवळ, त्यामुळे वारी हा आपल्या घरातलाच विषय. पण इतक्या वर्षांत एकाही पेशंटने मला असं विचारलं नाही की, "डॉक्टर, एवढ्या गर्दीत काही झालं तर आमच्यापर्यंत कोण आणि कसं पोहोचणार?"

हा प्रश्न तुम्ही विचारावा म्हणून आजचा लेख. नेहमीसारखा एखाद्या आजारावरचा नाही, थोडा इतिहासाचा आहे. गर्दीत माणूस कशाने दगावतो याचं उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलं, आणि प्रत्येक वेळी ते आपल्याला फार मोठी किंमत मोजून कळलं.

आधी होती पटकी

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जत्रेतला मोठा मारेकरी म्हणजे पटकी, आजच्या भाषेत कॉलरा. गावोगावी मरीआईचं ठाणं दिसतं ना, त्यामागे याच रोगाची भीती आहे. आषाढीची वेळ बघा : पावसाळ्याची सुरुवात, नदीला गढूळ पाणी, लाखो माणसं एकाच वाळवंटात, शौचाला तिथेच, आंघोळ तिथेच, आणि प्यायला पाणीही तिथलंच. पटकीच्या जंतूला यापेक्षा सोयीचं काय हवं? एका रुग्णाच्या जुलाबातून जंतू पाण्यात जातात आणि त्या पाण्यातून शेकडो पोटांत. यात्रा संपली की माणसं आपापल्या गावी परततात आणि सोबत रोगही नेतात.

हे पंढरपुरापुरतं नव्हतं. १८६७ चा हरिद्वारचा कुंभ आरोग्याच्या इतिहासात त्यासाठीच ओळखला जातो. तिथे सरकारने तयारी बरीच केली होती. तळ आखून दिले होते, शौचासाठी चर खणले होते. पण स्नानाच्या आदल्या दिवशी, ११ एप्रिलला, जोराचा पाऊस झाला आणि खणलेल्या चरांतली घाण पाण्यात मिसळली. यात्रेकरू ज्या ज्या रस्त्याने घरी गेले, त्या त्या रस्त्याने पटकी उत्तर हिंदुस्थानात पसरली. त्याच्या एकच वर्ष आधी, १८६६ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद झाली होती. तिथे युरोपच्या देशांनी पटकीच्या प्रसारासाठी मक्केच्या हज यात्रेकडे आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या यात्रांकडे बोट दाखवलं होतं. त्यामुळे इंग्रज सरकारला यात्रांकडे दुर्लक्ष करणं परवडेना.

मग काय केलं? इथे मला त्या काळच्या कारभाराची गंमतही वाटते आणि रागही येतो. नगरपालिका यात्रेकर वसूल करायची. रेल्वे कंपनी तिकिटं विकायची. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरपर्यंत आल्यावर तर माणसं आणखी वेगाने आणि आणखी मोठ्या संख्येने येऊ लागली. आरोग्य खात्याचा डॉक्टर मेलेल्यांची नोंद करायचा. प्रत्येकजण आपापलं काम करत होता. पण रेल्वेने किती माणसं आणायची आणि त्यांना पुरेल इतकं स्वच्छ पाणी गावात आहे का, हे दोन हिशेब एकत्र कोण करणार? मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, आणि सरकारच्या हातात एक सोपं हत्यार आलं : माणसांना अडवायचं. तिकीट बंद, पालखीवर निर्बंध, रस्त्यात तपासणी. लोक चिडले. साहजिक आहे. ज्याला वारी म्हणजे जन्माचं सार्थक वाटतं, त्याला 'तू रोगाची गाडी आहेस' असं सांगून भागत नाही.

पुढे पटकीची लस टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात प्रवेश नाही, असा नियम आला. तुमच्या घरात कुणी वयस्कर वारकरी असतील तर त्यांना दंडावरच्या त्या सुईबद्दल विचारून बघा. त्या लशीचा असर थोडा आणि थोडेच दिवस टिकणारा होता. खरा फरक पडला तो पाण्याने. विहिरीत ब्लीचिंग पावडर, टँकरची ओटी टेस्ट, नळाचं पाणी, आणि १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी सिद्ध करून दाखवलेलं मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे आपलं ओआरएस. आजही यात्रेच्या आधी आरोग्यसेवक टाकीत पावडर टाकून पाण्याचा रंग बघतो, तेव्हा तो दीडशे वर्षांचं शहाणपण वापरत असतो.

पटकी मागे हटली. यात्रा मात्र वाढतच गेल्या. एसटी आली, जीपगाड्या आल्या, लोकांच्या हातात दोन पैसे आले. आणि गर्दी स्वतःच मारेकरी झाली.

चेंगराचेंगरीत माणूस नेमका कशाने मरतो?

बहुतेकांना वाटतं, पायाखाली तुडवला गेल्याने. काही जण तसे जातात. पण पुष्कळांचा जीव उभ्या उभ्याच जातो. श्वास घेताना आपली छाती फुगावी लागते. पुढून-मागून दाब इतका असला की छाती फुगूच शकत नाही, तर नाक-तोंड उघडं असूनही हवा आत जात नाही. मेंदूला चार-सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर नुकसान सुरू होतं. म्हणून चेंगराचेंगरीतल्या मृतांच्या अंगावर अनेकदा मोठी जखम दिसत नाही.

साधारण सव्वातीन फूट लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनात, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये, चार माणसं असली तर अडचण होते पण चालता येतं. पाच-सहा झाली की धोका. सातच्या पुढे माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही. गर्दी पाण्यासारखी वागू लागते, मागे कुठे धक्का बसला की लाट पुढे येते. पुढच्याला मागे काय चाललंय ते दिसत नाही, मागच्याला पुढे माणसं गुदमरताहेत हे कळत नाही. त्यामुळे 'लोकांनी शिस्त पाळली नाही' असं नंतर म्हणणं मला नेहमी खटकतं. त्या क्षणी पाळायला शिस्त उरलेलीच नसते. जे करायचं ते त्याच्या कितीतरी तास आधी, नकाशावर करायचं असतं.

आपल्या विदर्भाला हे २३ नोव्हेंबर १९९४ ला कळलं. हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपुरात गोवारी समाजाचा मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यांत बायका आणि लहान मुलं पुष्कळ होती. नागपुरातला शहीद गोवारी उड्डाणपूल त्यांच्याच नावाचा. तो मोर्चा होता, यात्रा नव्हे. पण बॅरिकेडसमोर दाटलेली माणसं, मागून रेटा आणि बाहेर पडायला वाट नाही, हे शारीरिक गणित तेच.

२७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभात रामकुंडाकडे जाणाऱ्या उताराच्या अरुंद गल्लीत, सरदार चौकाजवळ, ३९ भाविक गेले. कुणीतरी नाणी उधळली आणि ती घ्यायला लोक वाकले, असं तेव्हा सांगितलं गेलं. ते खरं मानलं तरी, एका मूठभर नाण्यांनी ३९ माणसं मरत असतील तर दोष नाण्यांचा की गल्लीचा?

मांढरदेवी

या सगळ्या इतिहासात माझ्या मते सर्वांत जास्त शिकवून जाणारी, आणि सर्वांत जास्त वेदना देणारी घटना म्हणजे मांढरदेवी. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या उंच डोंगरावर काळूबाईचं देऊळ. यात्रेचा मुख्य दिवस, लाखोंची गर्दी. वर जाणाऱ्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना दुकानं. देवळाजवळ नारळ फुटत होते, त्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या. माणसं घसरली, त्यांच्यावर मागची पडली. मग दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या आणि आगीपासून पळणारी माणसं आधीच दाटलेल्या वाटेवर आली. त्या दिवशी जवळपास तीनशे माणसं गेली.

आता एक-एक दुवा सुटा करून बघा. नारळ कुठे फोडायचे हे देवस्थानच्या हातात. वाटेवर दुकान लावायला जागा देणं स्थानिक कारभाराच्या हातात. दुकानात गॅसची टाकी किती आणि कुठे ठेवायची, हे आणखी कुणाच्या. विजेच्या तारा वीज मंडळाच्या. एका वेळी वर किती माणसं सोडायची, हे पोलिसांच्या. जखमींना अरुंद घाटरस्त्याने खाली वाईला आणि तिथून साताऱ्याला न्यायचं, हे आरोग्य खात्याच्या. पण रुग्णवाहिकेसाठी रस्ता मोकळा ठेवणं पुन्हा पोलिसांच्या. यातलं एकही काम अवघड नव्हतं. पण नारळाचं पाणी, गॅसची टाकी आणि अरुंद वाट या तीन गोष्टी एकमेकींना भेटल्या तर काय होईल, हा प्रश्न कुठल्याच एका खात्याचा नव्हता. माणसं मेली ती खात्यांच्या मधल्या फटीत.

न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग बसला. आज मांढरदेवीला यात्राकाळात पशुहत्या, नारळ फोडणे, तेल वाहणे, वाद्य वाजवणे यांवर बंदीचे आदेश निघतात. बाहेरून बघणाऱ्याला हे श्रद्धेतली लुडबुड वाटेल. त्यातला निदान नारळाचा आणि तेलाचा नियम एका घसरड्या पायरीतून आलाय, हे माहीत असलं की तो वेगळा दिसतो. आपल्याच जिल्ह्यात सैलानीच्या यात्रेत नारळांची होळी पेटते. तिथली गर्दी पाहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

टेबल

त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर २००५ मध्ये, देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचं तात्कालिक कारण मांढरदेवी नव्हतं; २००४ च्या त्सुनामीने दिल्लीला जाग आणली होती, आणि महाराष्ट्रात १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासून जिल्हावार आराखडे बनवण्याचं काम चालू होतं. पण या कायद्यात एक साधी गोष्ट आहे, तिचं महत्त्व मला डॉक्टर म्हणून फार वाटतं. प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, आणि सदस्यांमध्ये पोलीस अधीक्षक व जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी दोघेही. म्हणजे पोलीस आणि डॉक्टर संकटाच्या आधीच कायद्याने एका टेबलावर. त्याआधी आमची भेट बहुतेक शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर व्हायची.

तुम्ही वर्तमानपत्रात 'यात्रेच्या पार्श्वभूमीवर नियोजन बैठक' अशी बातमी आणि एक कंटाळवाणा फोटो बघता ना, तेच हे टेबल. महसूल, पोलीस, आरोग्य, एसटी, महावितरण, बांधकाम खातं, नगरपालिका, अन्न व औषध प्रशासन आणि देवस्थान. बातमी कुणी वाचत नाही. पण तिथे ठरतं की रुग्णवाहिका कुठे उभी राहील, तिच्यासाठी कुठली गल्ली कायम मोकळी राहील, वीज गेली तर जनरेटर कुणाचा, आणि लाऊडस्पीकरवर शेवटचा शब्द कुणाचा.

हा शेवटचा मुद्दा छोटा नाही. १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली आणि त्यात ९७ जणांचा जीव गेला. मैदानाबाहेर चाळीसहून अधिक रुग्णवाहिका येऊन उभ्या होत्या. आत माणसं पडलेली असताना त्यांतल्या अगदी मोजक्या आत पोहोचल्या. २०२२ मध्ये दक्षिण कोरियात सोलच्या इथेवॉन भागातल्या अरुंद गल्लीत १५९ जण गेले. लोक पोलिसांना फोन करून 'इथे माणसं चेंगरतील' असं जवळपास चार तास आधीपासून सांगत होते. रुग्णवाहिका होत्या, माहिती होती. ज्याला गरज होती त्याच्यापर्यंत त्या गेल्या नाहीत.

नाशिक २०१५ : जास्तीचं औषध

नाशिकला पुढचा कुंभ २०१५ मध्ये आला. २००३ ची आठवण ताजी होती. शाही मिरवणुकीच्या मार्गात बदल झाले, घाट वाढवले, वाहनतळ शहराबाहेर नेले. २०१४ च्या २६ जानेवारीपासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली होती, तीही हाताशी होती. पण २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक झाला की भाविकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं आणि खुद्द नाशिककर घरात अडकले. ओरड झाली. मग १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला निर्बंध सैल केले. चेंगराचेंगरी एकाही पर्वणीला झाली नाही.

औषधाचा डोस जास्त झाला तर तो कमी करतात, औषध फेकून देत नाहीत. दोन पर्वण्यांच्या मधल्या पंधरवड्यात पुन्हा टेबलावर बसून चूक मान्य करणं आणि आराखडा बदलणं, हे मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं. सरकारी कामात असं फार क्वचित घडतं.

टेबलावर सूर्याला कोण बसवणार?

तरीही धोका नवं रूप घेऊन येतोच. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक कित्येक तास उन्हात बसले होते. त्यात १४ जण दगावले. पारा ३८ च्या आसपास होता. आपण जळगाव जामोदकर म्हणू, एवढ्यात काय होतं, आपल्याकडे ४४ असतं! पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर सरकारी कार्यक्रम नकोत, असं शासनाने जाहीर केलं.

आपल्या तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी आठवा. अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि भाकीत ऐकायला शेतकरी दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास जमतात. भाकितावर मी काही बोलणार नाही, तो माझा विषय नाही. पण वैशाखात माणसं जमवायची तर ऊन चढायच्या आत मोकळी करायची, ही वेळ आरोग्याच्या दृष्टीने उत्तम.

उष्माघात ओळखायला सोपा आहे. अंग भट्टीसारखं तापलेलं (१०४ च्या पुढे) आणि माणूस बरळतोय, चक्रावलाय किंवा बेशुद्ध आहे. इथे तापाची गोळी काम करत नाही. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, मान-काख-जांघेत बर्फ, आणि लगेच १०८. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तुमच्यापुरतं

गर्दीत खांदे दोन्ही बाजूंनी घासू लागले की तीच वेळ बाहेर पडायची. कडेने, तिरपं सरकत निघा, लोंढ्याच्या उलट जाऊ नका. दोन्ही हात छातीसमोर आडवे धरा, श्वासाला जागा राहते. चप्पल पडली तर पडू द्या, वाकू नका. लहान मूल खाली चालवू नका, उचलून घ्या. घरच्यांशी भेटायची जागा सकाळीच ठरवा, कारण मोठ्या गर्दीत मोबाइल बहुधा लागत नाही. खिशात नाव, घरच्यांचा नंबर, आजार आणि चालू गोळ्या लिहिलेला कागद ठेवा. डॉक्टरला तो सोन्यासारखा असतो.

आणि मोठी दुर्घटना झालीच तर एक गोष्ट समजून घ्या. चालता येणारे जखमी आधी जवळच्या दवाखान्यात पोहोचतात, गंभीर जखमी मागाहून येतात. तेव्हा डॉक्टर रांगेने बघत नाहीत. लाल, पिवळा, हिरवा, काळा अशा रंगांनी माणसं वेगळी करतात : आत्ता नाही तर कधीच नाही तो लाल, थोडं थांबू शकेल तो पिवळा, चालणारा हिरवा, आणि गेलेला काळा. तुमच्या कपाळाला खोक पडलीय आणि डॉक्टर तुम्हाला ओलांडून पुढे गेले, तर राग धरू नका. तुम्ही हिरवे आहात. आपल्यासारख्या ठिकाणी तर हे फार लागतं, कारण अकोल्याचं मेडिकल कॉलेज दीड-दोन तासांवर आहे आणि गाडी आधी कुणाला न्यायची हे इथेच ठरवावं लागतं.

नाशिकला पुढच्या पर्वण्या २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. तुमच्यापैकी पुष्कळ जण जातील. पण त्याआधी गावच्या यात्रेची बैठक होईल, तहसीलला किंवा ग्रामपंचायतीत. अशा बैठकीला गावकऱ्यांचंही ऐकून घेतात. गेलात तर एवढंच विचारा : रुग्णवाहिका कुठल्या रस्त्याने आत येणार आणि कुठल्या रस्त्याने बाहेर जाणार? आणि त्या रस्त्यावर यंदा पाळणा लावायला जागा दिलीय का?